दुसरा इसम

हुणसेवाडी, ता. निपाणी
सोमवार, १२ मे २०२५

चि. महादेव,

आशीर्वाद. तू घे नाहीतर नको घेऊ, मी मोठी आहे आणि तो द्यायचा माझा हक्क आहे.

तीन दिवसांत तुला एकतीस वेळा फोन लावला. आधी रिंग तरी जात होती, आता तीही जात नाही. अंगणवाडीतली माझी मदतनीस बायाक्का फोन हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमच्या भावानं तुमचा नंबर बंद करून टाकलाय की!" म्हणजे बायाक्काला कळलं. आता गावाला कळायला कितीसा वेळ? म्हणून हे पत्र. वीस वर्षांत रजिस्टरांशिवाय मी काही लिहिलेलं नाही, अक्षर लागलं नाही तर चष्मा लाव.

आमच्या गच्चीवरून तुमच्या पाणंदवाडीची टाकी दिसते. मध्ये नदी आणि काठाकाठानं दोन किलोमीटर. बंधाऱ्यावरून चालत येऊन अर्ध्या तासात तुझ्या दारात उभी राहिले असते आणि काय ते भांडून मोकळी झाले असते. पण बंधाऱ्यावर आता दोन पोलीस खुर्च्या टाकून बसलेत आणि आधारकार्ड मागतात. रस्त्यानं वळसा बावीस किलोमीटरचा. आणि हे पत्र निपाणी, बेळगाव, कोल्हापूर करत शिरोळला जाणार, मग तुझ्याकडे. दूधगंगा तिकडून कर्नाटकात येते, परत महाराष्ट्रात जाते, तिला कुणी कागद विचारत नाही. आपल्यालाच सगळे विचारतात.

ओमकारला ठाण्यात नेलं तेव्हा आत्या का आली नाही, हा तुझा राग असणार. शुक्रवारी आमच्या सुपरवायझर बाई आल्या होत्या. तुझ्या दाजींचं बीपी वाढलं होतं. आणि मी येऊन करणार काय होते? मला कन्नड येतं, पण पोलिसांशी बोलायचं कन्नड वेगळं असतं.

झालं ते एवढंच की गुरुवारी दुपारी आमच्या बंधाऱ्याच्या एका गाळ्यातले पाणी अडवणारे दोन लाकडी बरगे निघाले. ते निघाले तशी मधली माती गेली, आणि मग अख्खा गाळाच मोकळा झाला. रात्रभर पाणी खाली गेलं. शुक्रवारी सकाळी आमच्या डोहात चिखल आणि तडफडणारे मासे. दीड महिना पुरवायचं पाणी एका रात्रीत तुमच्याकडे. तुमची पाणी उपसायची जॅकवेल भरली, आमची उघडी पडली. आमच्या शेजारच्या रानातल्या शामूनं दुपारी बंधाऱ्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरची मोटारसायकल बघितली होती, ती ओमकारची निघाली. कुलूप फोडून सरकारी मालमत्तेची नासधूस केली, असा गुन्हा लागला.

एरवी हे चौघांत बसून मिटलं असतं. पण तो आठवडाच असला. टीव्हीवर युद्ध चाललेलं, गावोगाव सायरनची रंगीत तालीम, आणि जो तो 'घातपात' म्हणायला शिकलेला. तो शब्द आमच्या बंधाऱ्याला येऊन चिकटला. पेपरात आलं, "परराज्यातील एकास अटक, दुसरा इसम फरार." परराज्यातील म्हणे! प्रत्येक उन्हाळ्यात माझ्या दारात आंबे खाऊन वाढलेला पोरगा परराज्यातला झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पोराची मिलिटरीत निवड झालीय, धावण्यात पहिला आला, मेडिकल झालं. आता फक्त नावावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला हवा, आणि नेमका आताच गुन्हा. दाखला अडला तर काय होईल हे मला कळतं, ते तू मला शिकवू नकोस. पण पाणी मागायला मला फोन कुणी केला होता, तेवढं जरा आठव.

तुझी आक्का,
मंगल


हुणसेवाडी
मंगळवार, २० मे

महादेव,

पहिलं पत्र पोचलं असेल तर उत्तर का नाही, आणि पोचलं नसेल तर पोस्ट काय करतंय? दोन्हीपैकी एकावर चिडायचं आहे, पण कुणावर ते कळत नाही.

काल फौजदार अंगणवाडीत आले. तरणा माणूस, रायचूरकडचा, त्यांच्याकडं सगळं कोरडं रान. आपल्याकडचा बंधारा त्यांनी जन्मात बघितलेला नाही. बायाक्कानं त्यांना पोरांच्या खुर्चीवर बसवलं, गुडघे हनुवटीला लागले तरी माणूस चेहऱ्यानं फौजदारच राहिला. मग मी त्यांना सगळं शिकवलं. दसरा झाला की गाळ्यांत लाकडी फळ्या घालतात, त्यांना आम्ही बरगे म्हणतो. बरग्यांच्या दोन रांगा, मध्ये माती ठासायची, म्हणजे पाणी अडतं. मृगाच्या आत सगळे काढून काठावर रचायचे, नाहीतर नदी बंधाऱ्याला सोडून काठ खाते. उन्हाळ्यात कुणी पाणी चोरू नये म्हणून बरग्यांना साखळी आणि कुलूप, आणि प्रत्येक घराला आठ दिवस राखणीची पाळी.

"अम्मा, एक फळी काढायला किती मनुष्य लागते?" त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं.

"दोन. आकडे लावून दोन्हीकडून उचलायला लागतं."

"मग दुसरा कोण होता? तो हुडगा, तो पोरगा सांगतो, मी एकटाच."

"मला काय ठाऊक, साहेब?"

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, किल्ली कुठं होती. मी सांगितलं, त्या आठवड्यात पाळी आमच्या घराची, किल्ली आमच्या खुंटीला. यात खोटं काही नाही. ते म्हणाले, "म्हणजे त्याच्याकडे किल्ली नव्हती, म्हणून कुलूप फोडलं." मी मान डोलावली. महादेव, मान डोलावली म्हणजे खोटं बोलले असं होत नाही.

इकडे चौथ्या दिवशी टँकर येतो. मी घागर घेऊन गेले की बायका सरकून जागा देतात, इतकी जागा देतात की शेवटी मी एकटीच उभी असते. परवा एकजण म्हणाली, "म्हायेरला पानी गेलं न्हवं? मग हिला घागर कशाला?" तीस वर्षं झाली मला या गावात येऊन. तिच्या दोन्ही पोरांना मी अक्षरं शिकवली. तरी मी अजून पाणंदवाडीची. आणि पाणंदवाडीला विचारावं तर मी हुणसेवाडीची.

वरच्या धरणातून पाणी सोडा म्हणून आमच्या सरकारकडून तुमच्या सरकारला पत्र गेलंय. तिकडून उत्तर आलंय की विचार चालू आहे. दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर मांड्या थोपटतायत. गरजेल तो पडेल काय! ऊस वाळून पिवळा पडला, आमचाच नव्हे, सगळ्यांचा. तुझे दाजी पाणी कमिटीचे अध्यक्ष, आणि पाळीही आमच्याच घरची, त्यामुळे त्यांनी चावडीकडे जायचं सोडलंय. सकाळी खुंटीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत चहा पितात. किल्ली पोलिसांनी नेली आहे.

ओमकारला जामीन झाला हे पेपरात वाचलं. माझ्याच भाच्याची बातमी मला पेपरात वाचावी लागते. तो नीट जेवतो का, एवढं तरी कळव.

मंगल


हुणसेवाडी
बुधवार, २८ मे

महादेव,

आता हे बघ. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. मृगाला अजून दहा दिवस आहेत, आणि नदी काठाला लागलीय. ज्या पाण्यासाठी दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली होती ते आता कुणाला नको झालंय. हवामानाचं काय बिनसलंय ते देव जाणे. म्हातारी माणसं नक्षत्रं मोजून सांगायची ते आता एकही खरं होत नाही, आणि मोबाइलवर सांगतात ते त्याहून खोटं.

बावीस तारखेला पाणी चढायला लागलं तेव्हा तुझे दाजी रेनकोट घालून ठाण्यात गेले. हात जोडून म्हणाले, "साहेब, बरगं काढू द्या. नदी चढायल्या. न्हाईतर काठ जातोय बगा." उत्तर मिळालं की बंधाऱ्याला सील आहे, बरगे मुद्देमालात आहेत, कोर्टाची परवानगी आणा. कोर्टाला उन्हाळी सुट्टी. दाजी म्हणाले, नदीला सुट्टी न्हाय साहेब. साहेब बिचारे हसले, पण करणार काय? दोन दिवस वर फोन करत राहिले, वरून कुणी हो म्हणेना.

रविवारी पाणी बरग्यांना थटलं आणि बाजूनं काठ फोडून गेलं. आमचं सव्वीस गुंठे रान गेलं, मोटारीसकट. शामूचं त्याहून जास्त. पोलिसांच्या दोन खुर्च्याही गेल्या, त्यातली एखादी तुमच्या घाटाला लागली असेल तर ठेवून घे, त्यांना परत देऊ नकोस. दहा माणसं दोन तासांत काढू शकली असती ते बरगे. आणि ते सील कशामुळे लागलं, हे मला बसल्या बसल्या दिवसभर आठवत राहतं.

फरार असलेला दुसरा इसम रोज सकाळी साडेनऊला अंगणवाडी उघडतो. आता लिहूनच टाकते. तुला ठाऊक आहेच, ओमकारनं सांगितलं असणार, म्हणूनच तू नंबर बंद केलास. पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

सात तारखेला तुझा फोन आला. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "आक्का, गावात पाचवा दिवस हाय. जॅकवेलीत पाय भिजंना झालाय. मी पाणी सोडणारा, लोकं माझ्याच दारात घागरी आपटाय लागल्यात. दोन दिसांचं तेवढं सोडाय सांग की दाजींना." मी हो म्हटलं. दाजींना मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कमिटी बसली असती, आणि कमिटीत पाणंदवाडीचं नाव काढलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मी ओमकारला फोन केला. गुरुवारी भर दुपारी, उन्हानं कुत्रं बाहेर पडत नव्हतं तेव्हा, मी धुण्याची बुट्टी घेऊन बंधाऱ्यावर गेले. बुट्टीत खाली आकडे, वर चादरी.

ओमकार थांबला होता. म्हणाला, "आत्ती, मामास्नी इचारलंस न्हवं?"

मी म्हटलं, "इचारलं रं. धर तू."

वरचे दोनच काढायचे होते. चार बोटं पाणी जाईल, दोन दिवसांनी परत घालू, कुणाला कळणार नाही, असा माझा हिशोब. पण वरचे बरगे काढले की मधली माती उघडी पडते आणि पाणी ती खात खाली जातं. गाळा उघडायचा तर आधी काय करायचं, हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतं. मला नव्हतं. बंधाऱ्यावर बायकांनी धुणं धुवायचं, बरग्याला हात लावायचा नाही, लावला तर पाणी टिकत नाही म्हणतात. कधी कुणी शिकवलंच नाही, आणि मी काय विचारणार?

माती गेली तसे खालचे बरगे आपोआप उचलले जायला लागले. ओमकार पाण्यात उतरून पाठीनं फळी दाबायला बघत होता. मी त्याला ओरडून बाहेर काढलं आणि घरी पिटाळलं. यात त्याची काही चूक नाही. पण हे मी साहेबांना सांगितलं तर माझी अंगणवाडी जाईल, दाजींची अब्रू जाईल, आणि या पुरानंतर गाव आम्हाला उभं करणार नाही. तू म्हणशील, आणि माझा पोरगा? मला सुचत नाही रे काही.

मंगल


हुणसेवाडी
शनिवार, २१ जून

महादेव,

तुझं पाकीट मिळालं. आत काय, तर ओमकारला आलेल्या पत्राची झेरॉक्स. पंधरा जुलैच्या आत पोलिसांचा दाखला जमा करावा, अन्यथा निवड रद्द समजावी. मागची बाजू उलटून बघितली, पाकीट झटकून बघितलं. तुझी एक ओळ नाही. लिहायला शाई संपली होती काय रे तुमच्या महाराष्ट्रातली? मला शिव्या तरी द्यायच्या होत्यास. लहानपणी मी तुला विहिरीत ढकललं होतं तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, तेवढाच तुझा हट्ट, असं मी समजून चालले होते. आता दीड महिना होत आला.

तू पोलिसांना माझं नाव का सांगितलं नाहीस, हेही मला कळत नाही. सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर चिडले असते, आणि काय ते होऊन गेलं असतं. तू सांगत नाहीस आणि झेरॉक्स पाठवतोस. म्हणजे मीच सांगावं. सगळं मीच करावं.

मी निपाणीला एका वकिलांकडे जाऊन आले. दाजींना सांगितलं, रजिस्टर घ्यायला चालले. वकिलांना नाव न सांगता विचारलं, समजा एखाद्या गावात असं असं झालं. ते म्हणाले, कुलूप फोडलं हे जड आहे. बाहेरचा माणूस येऊन कुलूप फोडतो, म्हणजे उद्देश वाईट. पण ज्याच्याकडे राखण आहे त्याच घरच्या माणसानं किल्लीनं उघडून दिलं, आणि पोरानं नुसता हात लावला, तर पोरावर फारसं काही राहत नाही. मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "पण बाई, किल्ली होती तर कुलूप फुटलं कसं?"

मी म्हटलं, माझी बस चुकेल.

मंगल


हुणसेवाडी
शनिवार, ५ जुलै

महादेव,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. बायाक्का म्हणाली, बाई, चूल पेटवायला कागद पुरे झाले आता.

पुराच्या वेळच्या पत्रात सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. नाही सांगितलं. कुलूप मी फोडलं. नंतर.

ओमकारची गाडी दिसेनाशी झाली, पाणी गर्जत होतं, आणि मी साखळीजवळ उभी. कुलूप उघडं लोंबत होतं, किल्ली त्यातच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे बघून कुणीही म्हणेल, किल्ली कुणाच्या घरात? मी किल्ली काढून घेतली, कुलूप परत लावलं आणि धुण्याच्या दगडांतला एक उचलून ते ठेचलं. पाच-सहा घाव घालावे लागले. मग चादरी भिजवल्या, पिळल्या आणि बुट्टी डोक्यावर घेऊन घरी आले. किल्ली खुंटीला अडकवली. दाजी झोपले होते. मी भाकरी थापायला बसले.

मी तुझ्या पोराच्या नावावर चोरी घालायला ते केलं नाही. मला वाटलं, चोर कोण ते सापडणारच नाही, कारण चोर नव्हताच. दुसऱ्या दिवशी पोलीस ओमकारला घेऊन गेले तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. अंगणवाडीत बसून मी पोरांच्या वजनाचं रजिस्टर लिहीत राहिले. महादेव, माझी मलाच शिसारी येते. इतके दिवस तुझ्यावर, सरकारवर, पावसावर तोंडसुख घेतलं ते सगळं खरंच होतं रे, पण त्याच्याआड मी लपले होते.

काल दाजींना सांगितलं. ते पुरानंतर गाळात सापडलेली पाण्याची मोटार अंगणात दुरुस्त करत बसले होते. मान वर केली नाही.

"किल्ली तूच काढलीस?"

"व्हय."

"आन् कुलूप?"

"ते बी मीच."

एक नट आवळला. मग म्हणाले, "मला का इचारलं न्हाईस?"

"इचारलं असतं तर दिली असती काय?"

"न्हाय." तेही खरं बोलले. "न्हाय दिली असती. पर पोराला पुढं करू दिलं नसतं तुला."

रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, मंगळवारी निपाणीला जायचं का ठाण्यात, एस.टी. किती वाजता आहे बघ. एवढंच.

मंगल


हुणसेवाडी
बुधवार, ९ जुलै

चि. महादेव,

काल जबाब दिला. दाजी बाहेर बाकावर बसले होते, आत मी एकटी. फौजदारांनी आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, फोनपासून भाकरीपर्यंत. तुझ्या फोनचंही सांगितलं, त्याबद्दल तुला रागवायचं असेल तर रागव. त्यांनी लेखणी खाली ठेवून विचारलं, "अम्मा, दोन महिने का थांबला?" मी म्हटलं, भीती वाटली. त्यांनी ते लिहिलं नाही, पुढचं विचारलं.

आता गुन्ह्यात माझं नाव आलंय. परराज्यातल्या त्या फरार इसमाचं आता काय करायचं म्हणून ते डोकं खाजवत होते, ती त्यांची अडचण. ओमकारला मी बोलावलं, किल्ली माझ्या हातात होती, त्याला वाटलं घरच्यांची परवानगी आहे, असा अहवाल ते आजच वर पाठवतो म्हणालेत. तिथून तुमच्याकडच्या पोलिसांकडे जायला दोन राज्यांच्या सह्या लागतात. पंधरा तारखेच्या आत पोचेल का, विचारलं. म्हणाले, "अम्मा, मी स्वतः फोन करतो." माणूस भला आहे, पण या कागदांच्या जगात भल्या माणसाच्या फोनला काय किंमत असते ते आपण बावीस मेला बघितलंय. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय, मिळताच शिरोळला जाऊन बस आणि हलू नकोस तिथून.

अंगणवाडीची चावी मी बायाक्काकडे दिली. सुपरवायझर बाईंचा निरोप आला, पुढचा हुकूम येईपर्यंत येऊ नका. गावात कळलंय. सकाळी दुधाला गेले तर दूध संपलं म्हणाले, बरणी समोर भरलेली होती. शामू तेवढा दारात येऊन मोठमोठ्यानं बोलून गेला, त्याचं रान गेलंय, त्याला तो हक्क आहे. ऐकून घेतलं.

हे सगळं मी धरून चालले होते. एक गोष्ट धरली नव्हती, ती सांगायला हे पत्र.

सही करायच्या आधी फौजदारांनी फाईल उघडून ओमकारचा जबाब माझ्यापुढं ठेवला. "हे जुळत नाही, वाचा," म्हणाले. कन्नडात होता, पण रजिस्टरं लिहून लिहून मला वाचता येतं. पहिल्याच दिवशीचा, शुक्रवारचा. त्यात लिहिलंय, मी एकटाच होतो. आत्तीला काही माहीत नाही. कुलूप मी फोडलं. कशानं फोडलं? दगडानं. दगड कुठं आहे? नदीत टाकला.

महादेव, किल्लीनं कुलूप उघडताना तो माझ्या शेजारी उभा होता. ते फुटलंय हे त्याला ठाण्यातच कळलं असणार, साहेबांच्या तोंडून. तिथल्या तिथं त्याला समजलं की हे आत्तीनं केलं, आणि का केलं. नुसतं गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, मीच फोडलं. वीस वर्षांच्या पोराला एका दमात जे सुचलं ते मला दोन महिने सुचलं नाही. घरी येऊन त्यानं तुलाही हे सांगितलेलं नसणार. सांगितलं असतं तर तू मला झेरॉक्स पाठवून गप्प बसला नसतास, वळसा घालून येऊन माझं थोबाड फोडलं असतंस.

मला ठाण्यात रडू आवरलं नाही. दाजींना आत बोलवावं लागलं.

शनिवारी मी येते. सकाळच्या एस.टी.नं, वळशानं. तू दारातून घालवून दिलंस तरी चालेल, पायरीवर बसेन. पण मी येणार हे ओमकारला सांगू नकोस. कळलं तर तो नेहमीसारखा माझी पिशवी घ्यायला फाट्यावर येऊन उभा राहील आणि पाया पडायला वाकेल. तेवढं मला सोसणार नाही.

तुझी आक्का